दोन बोचकी

त्या गेममध्ये शेकड्यांनी प्राणी आहेत. आग ओकणारे, पाण्यातले, पंखांचे, दगडाचे, कानांच्या जागी पानं फुटलेले. मी चित्रकलेची शिक्षिका. बावीस वर्षं पोरांना हत्ती, घोडे आणि फुलदाण्या काढायला शिकवतेय, त्यामुळं कुठलंही डिझाइन बघितलं की मनात मार्क द्यायची खोड लागलीय. बहुतेक प्राण्यांना मी साठ-सत्तरच्या वर दिलेत. एका सोनेरी ड्रॅगनला तर नव्वद. नापास एकालाच केलंय. आम्ही त्याला बोचकं म्हणायचो.

त्याचं गेममधलं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते आम्हा दोघी बहिणींना कधी धड म्हणता आलं नाही. बोचकं हे नाव माझ्या धाकट्या बहिणीनं ठेवलं. धुणं बांधून ठेवावं तसा मळकट करडा गोळा, वर गाठ, गाठीखाली दोन डोळे, आणि तेही एका रेषेत नाहीत. तोंड म्हणजे आडवा फराटा. पाय असावेत, दिसत नाहीत. हात तर दिलेलेच नाहीत. अरे बाबा, हात काढायचे राहिले की तुझे! बरं, लढाईत उतरवलं तर काही करील म्हणावं, तर तेही नाही. नुसतं बसतं. त्याची ताकद काय, तर बसणं. समोरचा मारून मारून दमतो आणि हे आपलं ढिम्म. चित्रकलेच्या परीक्षेत एखाद्या पोरानं असलं काही काढलं असतं तर मी त्याच्या आईला शाळेत बोलावून घेतलं असतं.

धाकटीला मात्र ते लय आवडायचं. मी चिडले की ती जास्तच लाडानं त्याचं कौतुक करायची. म्हणायची, अक्का, त्याला कुणी ऊठ म्हणत नाही, चल म्हणत नाही, किती बरं आहे बघ. मी म्हणायचे, तुझी आवडच तसली. हे आमचं भांडण एक-दीड वर्षं रोजच्या रोज चाललं आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला तेवढीच करमणूक होती.

धाकटी माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. नेसरीला दिलेली. घरची शेती, चार म्हशी, डेअरीला दूध. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिला दिवस गेले, त्यात बीपी वाढलं, पोटातलं मूल गेलं आणि जाताना तिच्या दोन्ही किडन्या घेऊन गेलं. काही वर्षं गोळ्यांवर निघाली. मग डायलिसिस लागलं, तेव्हा ती कोल्हापुरात आईकडं राहायला आली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. शनिवारी तिच्याबरोबर पावणं असायचे, म्हणजे तिचा नवरा. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला पावणंच म्हणतात. म्हशींचं आटपून पहिल्या गाडीनं यायचे बिचारे. मंगळवार-गुरुवार माझे, कारण माझी शाळा दुपारची.

चार तास त्या खुर्चीत बसायचं म्हणजे काय असतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. एका हातात दोन जाड सुया, तो हात हलवायचा नाही. पाणी मोजून प्यायचं, दिवसाला मोठा तांब्याभर, त्यातच चहा आणि आमटी धरायची. माझ्या मुलीनं मावशीचा वेळ जावा म्हणून तो गेम तिच्या मोबाइलवर घालून दिला, माझ्याही दिला. मुलगी आठ दिवसांत कंटाळली. आम्ही दोघी अडकलो.

गेम चालण्याचा. अंडी मिळतात, ती मोबाइलमध्ये ठेवून चालायचं, अमुक किलोमीटर झाले की अंडं फुटून आतून कुठला तरी प्राणी निघतो. धाकटीला फाटकापर्यंत गेलं तरी धाप लागायची. म्हणून दोघींचे मोबाइल माझ्या पर्समध्ये आणि मी रंकाळ्याला फेऱ्या मारतेय, असा आमचा कारभार. शाळेतल्या बायकांना वाटायचं मी तब्येत कमवतेय. मी अंडी उबवत होते.

सगळ्यात लांबच्या अंड्याला दहा किलोमीटर लागायचे आणि बोचकं फक्त त्यातूनच निघायचं. तिच्या मोबाइलमध्ये ते कधीच निघालं नाही. ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात तो सोनेरी ड्रॅगन तिला मिळाला, पण बोचकं नाही. माझ्या नशिबी मात्र ते आलं. एकदा नाही, दोनदा. दुसरं ज्या सकाळी फुटलं तो मंगळवार होता, आणि तिथून पुढचं सगळं त्या मंगळवारमुळं झालं.

त्याआधी घरात काय चाललं होतं ते सांगते. डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वीच स्पष्ट सांगितलं होतं की हातातली शीर दोनदा बंद पडलीय, आता मानेतून नळी घालून किती दिवस काढणार, वय लहान आहे, किडनी बदलणं हाच रस्ता. घरातलं कुणी आहे का बघा. आई शुगरची, ती बाद. पावण्यांचा रक्तगट जुळेना. मेलेल्या माणसाची मिळायची यादी इतकी लांब की तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. राहिले मी. आमचा दोघींचा रक्तगट एकच, हे सगळ्यांना माहीत. तरी कुणी मला विचारलं नाही. डॉक्टरांच्या त्या खोलीत आई फरशीकडं बघत होती, पावणं पंख्याकडं, धाकटी स्वतःच्या नखांकडं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही आणि मला त्याचं बरं वाटलं. ही लाज मी आज लिहितेय, तेव्हा मला ती नीट कळलीही नव्हती.

तर त्या मंगळवारी मी डायलिसिसच्या सेंटरात पोचले तेव्हा मशीन सुरू झालं होतं. चपला बाहेर काढून मी तिच्याजवळच्या स्टुलावर बसले आणि रडगाणं सुरू केलं. दहा किलोमीटर चाललो, पायाचे तुकडे पडले, आणि निघालं काय तर परत ते थोबाड! डिझाइन करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती हसली. मी मोबाइलमध्ये मान घालून नको ते प्राणी काढून टाकत बसले. पाच-दहा मिनिटं गेली असतील.

"अक्का," ती म्हणाली, "एक मागू? देशील मला?"

मी मान वर केली नाही. "देतो की. त्यात काय इचारायचं?"

"खरंच देशील?"

"अगं, माझ्याकडं दोन हायत. दोन घेऊन मला काय करायचंय? एक तुला."

इथं आमच्या बोलीचं सांगायला पाहिजे. कोल्हापुरात बायकाही स्वतःबद्दल पुरुषांसारखं जातो, येतो, देतो असंच बोलतात. शाळेत मी देते, घेते करते, कारण मास्तरीण आहे, पोरांसमोर पुस्तकातलं बोलावं लागतं. घरात आपल्या माणसांत बसले की जीभ सुटते. आणि त्या शेवटच्या 'की'मध्ये सगळं असतं. बस की, जेव की, ने की. देतो की म्हटलं म्हणजे विषय संपला, परत विचारलं तर समोरच्याला राग येतो. धाकटीनं तरी परत विचारलं. म्हणाली, तरास न्हाय व्हणार तुला? मी म्हटलं, कसला तरास, सुटलो म्हणायचं.

तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. थोड्या वेळानं बघितलं तर कानाजवळून पाणी ओघळत होतं. मला वाटलं मशीन जास्त पाणी ओढतंय, पायात गोळे आले असतील. मी नर्सला हाक मारली. नर्सनं बीपी बघितलं, मशीनवर काहीतरी कमी केलं, आणि त्या गडबडीत आमचं बोलणं राहिलं. गेममध्ये अदलाबदल करायची तर दोन मोबाइल जवळ लागतात आणि रेंज लागते. सेंटरात रेंजची बोंब. संध्याकाळी आईकडं जाऊन तिला बोचकं देऊन टाकू, असं मी मनाशी ठरवलं आणि शाळेला गेले.

संध्याकाळी मी मोबाइल हातातच धरून आईच्या दारात गेले. गेम उघडून ठेवला होता. आईनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि खाली बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. तिनं दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवले. सत्तरीची माझी आई. मी मागं सरकले तशी तिनं पाय घट्ट धरले आणि म्हणाली की तू आता माझी लेक नव्हंस, माझी आई झालीस. आत धाकटी कॉटवर बसली होती. तिनं न्हाऊन केस मोकळे सोडले होते, कित्येक महिन्यांत मी तिला तशी बघितली नव्हती. तिनं पावण्यांना फोन केला होता आणि ते नेसरीहून निघालेसुद्धा होते.

मला कळायला जितका वेळ लागला तितका वेळ आई बोलतच होती. एक किडनी दिली तरी माणसाला काही होत नाही, देवानं दोन त्यासाठीच दिल्यात, तू पण तेच म्हणालीस म्हणे. मला राग आला. धाकटीचा आला, नीट नाव घेऊन का मागितलं नाहीस म्हणून. आईचा आला. सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. मी काही मुखदुर्बळ बाई नाही. हेडमास्तरांना भर मीटिंगमध्ये तोंडावर बोललेली बाई आहे, गल्लीत माझ्या जिभेला लोक भितात. त्या दिवशी मात्र आईनं चहा टाकला, मी तो प्यायले आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला.

पावणं आले ते घनसाळ तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन. बोलायला उभे राहिले आणि रडायलाच लागले. शेतकरी गडी, कधी कुणापुढं न रडलेला. मी त्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं. तो तांदूळ मी घरी नेला, शिजवला आणि आम्ही खाल्ला. फार चांगला वास होता त्याला.

मग सुरूच झालं सगळं. नेसरीच्या स्टँडवर पावण्यांच्या मित्रांनी डिजिटल, म्हणजे छापील फ्लेक्सचा फलक, लावलं. आमच्याकडं वाढदिवसाला डिजिटल, निवडीला डिजिटल, म्हैस स्पर्धेत पहिली आली तरी डिजिटल. त्यावर माझा शाळेच्या गॅदरिंगमधला फोटो, हात जोडलेला, मागं उगवता सूर्य, आणि खाली 'बहिणीसाठी किडनीदान करणाऱ्या त्यागमूर्तीचे हार्दिक अभिनंदन'. कुणीतरी त्याचा फोटो काढून मला पाठवला. अक्षरं एकमेकांवर चढलेली, सूर्याची किरणं माझ्या कानातून निघालेली. मी पहिल्यांदा त्याच्या चुका काढल्या आणि मग मोबाइल पालथा ठेवला. शाळेतही प्रार्थनेच्या वेळी मला वर बोलावून श्रीफळ दिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना नमस्कार केला.

तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, सोनोग्राफी, बहिणी-बहिणींचं किती जुळतं ते. फार छान जुळलंय, असं डॉक्टर म्हणाले. माझा नवरा म्हणाला, तुझं तू ठरव, काय ठरवशील त्यात मी तुझ्या मागं उभा आहे. त्यानं नको म्हटलं असतं तर किती सोपं झालं असतं. सासू असती तर ती म्हणाली असती. कुणीही नको म्हणेना. मला भीती वाटत होती, एवढीच गोष्ट होती. चांगल्या धडधाकट पोटाला चिरा देऊन घ्यायची भीती. तिची किडनी गेली तशी उद्या माझी राहिलेली गेली तर, माझी मुलगी बारावीला, मग मला कोण देणार, अशी भीती. वर्गात रंगांची पॅलेट हातात घेतली की तिच्या किडनीसारख्या आकाराकडं नजर जायची आणि मी ती खाली ठेवून द्यायचे. बावीस वर्षांत तो आकार मला कधी तसा दिसला नव्हता.

परवानगीच्या समितीपुढं जायच्या आधी डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. मनापासून तयारी आहे ना, विचारलं. नसेल तर मला सांगा, म्हणाले, मी तब्येतीचं काहीतरी कारण लिहीन, घरात कुणाला काही कळणार नाही, असं पुष्कळ जण करतात. चांगला माणूस होता तो. मी त्याच्यावरच उखडले. मी काय खोटारडी वाटले काय तुम्हाला, म्हणून तरातरा बाहेर आले. जिन्यात उभी राहून मी स्वतःला सांगितलं की मी खोटं बोलून सुटणारी नाही, जे आहे ते तोंडावर सांगणारी आहे. मला वाटतं मला सुटायचंही होतं आणि सरळ बाई म्हणून मिरवायचंही होतं.

गुरुवारी मी सेंटरात गेले. तोवर तिच्या मानेत नळी बसवली होती, दोन्ही हात मोकळे. ती उशीला टेकून गेम खेळत होती. समितीची तारीख पुढच्या आठवड्यात होती. मी स्टुलावर बसले आणि उशीर केला तर परत जमणार नाही म्हणून लगेच बोलले.

"त्या दिवशी मी त्या बोचक्याचं म्हणत हुतो गं. गेममधल्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, एक घोट गिळायला लागतो तेवढाच. मशीन चालू होतं. पलीकडच्या खुर्चीतले आजोबा घोरत होते.

"मग?" ती म्हणाली. "मी पण त्याचंच इचारत हुतो की."

आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "दे की आता. किती दिस झाले मागून."

खिडकीच्या गजांपाशी मोबाइल धरला की तिथं रेंजची एखादी कांडी यायची. मी दोन्ही मोबाइल घेऊन खिडकीपाशी उभी राहिले. अदलाबदल म्हणजे समोरच्यानंही काहीतरी द्यावं लागतं. तुझ्यातलं कुठलं घेऊ, मी तिच्याकडं न बघता विचारलं. सोनेरी घे, म्हणाली. मी म्हटलं, येडी काय तू, त्याच्यासाठी लोक वर्षं घालवतात. ती म्हणाली, घे म्हणतो तर घे. मी घेतलं. दोन्ही बटणं मीच दाबली, तिच्या बाजूचं आणि माझ्या बाजूचं. बोचकं तिकडं गेलं आणि ड्रॅगन इकडं आला. मोबाइल परत दिला तेव्हा तिनं बोचक्याकडं बघून चांगलं आहे म्हटलं आणि उरलेला वेळ आम्ही त्याच्याविषयीच बोललो. कसे डोळे वाकडे आहेत, कसं बसतं. मला हसूसुद्धा आलं एकदा, आणि हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

मी ठरवलं होतं की संध्याकाळी आईला मीच सांगायचं. त्याआधीच धाकटीनं सांगून टाकलं होतं, पण काय, तर मलाच नको. अक्काचं पोट मी फाडून घेणार नाही, मला एवढ्या मोठ्या ऑपरेशनची ताकद नाही, परत विषय काढायचा नाही. आई तिच्यावर ओरडली, रडली, मला म्हणाली, तू तरी समजाव तिला. पावणं आले, त्यांनी हात जोडले. ती हटली नाही. मी तिथंच बसले होते. सरळ बोलणारी, तोंडावर सांगणारी मी, त्यांच्या मधोमध बसून गप्प होते. आई सात-आठ दिवस तिच्याशी भांडली आणि मग एका दिवशी एकदम थांबली. थकली असेल, असं मला वाटलं. नेसरीच्या स्टँडवर माझ्या डिजिटलवर दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाचं लागलं. शाळेत मी सांगितलं, डॉक्टर थांबा म्हणालेत.

ती माझ्याशी आधीसारखीच वागली. मला दुसरी शिक्षा नको होती, तेवढीच पुरली. फरक एकच पडला. आधी ती माझ्यामागं सारखी भुणभुण करायची. अक्का, येताना मासिक आण, अक्का, अर्धा कप चहा कर, अक्का, पाय चेप. त्या गुरुवारनंतर तिनं माझ्याकडं काही मागितलं नाही. मी फोन करून विचारायचे, येताना काय आणू? काय नको, म्हणायची. पाय दुखत असले तरी स्वतःच एका पायानं दुसरा दाबायची. मी न विचारता दाबायला घेतले तर म्हणायची, असू दे, आता बरं वाटतंय. मी चिडायचे, अगं माग की काहीतरी, म्हणून ओरडायचे. ती हसायची.

असे सात महिने गेले. मानेतल्या नळीला इन्फेक्शन झालं, ताप भरला, तिला ॲडमिट केलं. तिसऱ्या दिवशी मी त्याच डॉक्टरांकडं गेले आणि म्हटलं, मी देते, आजच्या आज घ्या. त्यांनी मला आधीच्या वेळची आठवण करून दिली नाही. टेबलावरचा तिच्या हृदयाचा रिपोर्ट माझ्याकडं फिरवून दाखवला, पंपिंग किती उरलंय ते. आधी इन्फेक्शन उतरू दे, म्हणाले, आणि उतरलं तरी हे हृदय आता ऑपरेशन सोसणार नाही. मग त्यांना वाटलं असावं की मला कळलं नाही, म्हणून त्यांनी परत हळूहळू सांगितलं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं.

मी वर तिच्या खोलीत गेले. देणार होतो गं मी, असं तिला सांगावं म्हणून गेले होते. ती जागी होती. ओठ सुकले होते. मी विचारलं, पाणी देऊ? तिनं नको म्हटलं. मी काही सांगितलं नाही. ती शनिवारी गेली, पावण्यांच्या वारी. मी तेव्हा रिक्षात होते.

तिचा मोबाइल पावणं नेसरीला घेऊन गेले. माझ्या गेममध्ये मैत्रिणींच्या यादीत ती बरेच दिवस दिसत होती, शेजारी तिनं निवडलेला सोबतीचा प्राणी, तेच करडं, बिनहाताचं, माझ्या मते शंभरातल्या दहा मार्कांचं. खाली लिहिलेलं असायचं, शेवटचं खेळून इतके दिवस झाले. रोज एकानं आकडा वाढायचा. एक दिवस मी तो गेम काढून टाकला. डिझाइनविषयीचं माझं मत आजही तेच आहे. मला त्याच्याकडं बघवत नाही.

आई आता माझ्याकडं राहते. लोक भेटायला येतात, नेसरीकडचे, माहेरचे. आई प्रत्येकाला तेच सांगते. थोरली द्यायला एका पायावर तयार होती, सगळं जुळलंतं, धाकटीनंच हट्टानं घेतलं नाही. लोक माझ्याकडं बघून मान हलवतात, अशी बहीण मिळायला नशीब लागतं म्हणतात. मी त्यांना चहा देते. मला प्रत्येक वेळी वाटतं, आता कप खाली ठेवावा आणि बोलावं. बोलत नाही. आधी वाटायचं आईसाठी बोलत नाही, तिला सोसणार नाही. तेही खरं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका दुपारी नेसरीचीच कुणी बाई येऊन गेली. ती माझे हात कपाळाला लावून गेली. तेव्हा मला सहनच होईना. आई स्वयंपाकघरात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. बोचकं म्हणजे काय ते सांगितलं, देतो की कशाला म्हणाले होते ते सांगितलं, खिडकीपाशी काय केलं ते सांगितलं. धाकटीनं नाही म्हटलेलं नव्हतं, मी नाही म्हटलं होतं, असं स्पष्ट सांगितलं. मी रडत होते. आईचे हात थांबले नाहीत.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. तिनं मान वर न करता सांगितलं की धाकटीशी भांडता भांडता एक दिवस तिनं तिला थोबाडीत मारली होती, तेव्हा धाकटीनं सगळं सांगितलं. आणि आईकडून वचन घेतलं की अक्काला बोलायचं नाही, कुणाला बोलू द्यायचं नाही.

मी विचारलं, मग तू लोकांना तसं का सांगतेस? इतके महिने माझ्या तोंडावर का सांगतेस?

"मग काय सांगू?" आई म्हणाली. "दोन हुत्या, आता तू एकटीच हायस. तुझ्यावर रागावून मी जाऊ कुणाकडं?"

तिच्या आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. तिनं एक शेंग उचलली, ती किडकी निघाली, बाजूला टाकली. मग शेंगांची पाटी आमच्या दोघींच्या मध्ये सरकवली आणि मी सोलायला लागले.